टेबल नसलेल्या घरातला टेबलक्लॉथ

महाराष्ट्रात अर्धवट मोर किती आहेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही. पण ज्या घरात पोटमाळा आहे, किंवा पोटमाळा गेला तरी त्यावरची ट्रंक पलंगाखाली सरकवलेली आहे, त्या घरात एखादा तरी मोर पिसाऱ्यावाचून पडलेला असतो. मोर नसेल तर राजहंसांची जोडी असते, आणि जोडीतला दुसरा हंस अजून नुसत्या निळ्या रेघांत असतो. कुठे फुलांची परडी असते. परडीची वीण पूर्ण, फुलं व्हायची बाकी. कापडावर रिंग तशीच चढवलेली, तिच्या स्क्रूचा तांबूस डाग खाली उतरलेला, सुई अर्ध्या टाक्यात थांबलेली. शेजारी दोऱ्यांचा गुंता, बहुतेक करून डालड्याच्या डब्यात.

हे अर्धवट का राहिलं, असं विचारलं तर घरात जितकी माणसं तितकी उत्तरं मिळतात. डोळे अधू झाले, मूल झालं, दोऱ्याची तीच छटा पुन्हा मिळाली नाही, मासिकाचा पुढचा अंक आलाच नाही. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं. लग्न जमलं. त्या काळी मुलगी बघायला मंडळी आली, की कांदेपोह्यांच्या मागोमाग ‘हे सगळं हिनंच केलंय’ बाहेर यायचं. रेडिओचं कव्हर, क्रोशाची तोरणं, ‘गुड नाइट’ लिहिलेले उशांचे अभ्रे. (ज्या घरात दहानंतर दिवा चालू ठेवायची परवानगी नव्हती, तिथे उशीवर ‘गुड नाइट’ कशाला हवं, हे मला कधीच कळलेलं नाही.) मुलगा मुलीकडे चोरून बघायचा आणि मुलाची आई अभ्रा उलटा करून राजरोस बघायची. होकार आला, की मोराचं काम संपलं. ज्याच्यासाठी पिसारा फुलवायचा, त्याने बघून ‘पसंत आहे’ म्हटलेलं असायचं. मग मोर ट्रंकेत जायचा आणि मुलगी सासरी.

पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केलं, तेव्हा बायकांनी चार पैसे कमवावेत, स्वतःच्या पायावर उभं राहावं म्हणून तिथे शिवणकाम शिकवलं जाई. आपल्या समाजाने तीच विद्या उचलली आणि स्थळ बघण्याच्या कार्यक्रमात लावली. आपल्याकडे कुठलीही सुधारणा शेवटी कांदेपोह्यांच्या बशीपाशी येऊन थांबते.

आमच्या मोठ्या आत्याच्या टेबलक्लॉथला मात्र हे कारण लागू पडत नाही. तो तिने लग्नानंतर, सासरी, वाड्यातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भरायला घेतला. त्या घरात टेबल नव्हतं. जेवायला पाट होते, लिहायला उतरतं डेस्क होतं आणि इस्त्रीला जमिनीवर अंथरलेली चादर होती. पण मासिकात नमुना आला होता तो टेबलक्लॉथचा. आत्याने तो तसाच्या तसा उतरवून घेतला: कागदावर सुईने टोचे पाडून, त्यावरून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवून. चार कोपऱ्यांत चार परड्या. आधी टेबलक्लॉथ होऊ दे, मग टेबल येईल, असा तिचा हिशोब असावा. पुढे टेबल आलंही, पण ते सनमायक्याचं होतं आणि त्यावर प्लॅस्टिक अंथरलं गेलं, कारण प्लॅस्टिक पुसता येतं.

दोन परड्या पूर्ण, तिसरीची मूठ आणि एक पान, चौथ्या कोपऱ्यात नुसती नीळ. अशा अवस्थेत तो टेबलक्लॉथ आत्या गेल्यावर वहिनीने माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, “तुम्हाला आवड आहे, म्हणून.” मराठीत काम गळ्यात घालायला इतकं सभ्य वाक्य दुसरं नाही. ‘तुम्हाला वेळ आहे’ म्हटलं तर माणूस चिडतो. ‘आवड आहे’ म्हटलं, की तोच माणूस कौतुकाने ओझं उचलतो.

मला आवड होती हे खरं, पण ती नव्या टाक्यांची. शाळेतल्या शिवणाच्या तासाला आम्ही धावदोरा, उलटी टीप, साखळी, काजटाका आणि हेरिंगबोन एवढ्यावरच पास झालो. त्यानंतरचं सगळं मोबाइलच्या कृपेने. भर दुपारी व्हिडिओ लावून बसलं, की कुठल्या कुठल्या देशांतले टाके घरात शिरतात. फ्रेंच गाठ तर फार पूर्वीच आपली झाली. मागोमाग रुमानियन आला, पोर्तुगीज आला. पेकिनीज आला, त्यात आधी उलटी टीप घालून तिच्यातून दुसरा दोरा वेटोळी घेत ओवायचा असतो. आणि ब्राझिलियन भरतकाम तर रेयॉनच्या चकचकीत दोऱ्याने अशी उठावदार फुलं काढतं, की त्यावर ताट ठेवलं तर लवंडेल. आपल्याकडे काश्मिरी, सिंधी, कच्छी, लखनवी टाके होतेच, बंगालचा कांथा होता. यात मराठी माणसाचा टाका कुठला, असं विचाराल तर गोधडीचा धावदोरा. सगळ्यात साधा, सगळ्यात टिकाऊ, आणि प्रदर्शनात बक्षीस कधी न मिळालेला.

मला मोह पडला तो विणीच्या गुलाबाचा. चाकाच्या आऱ्यांसारखे पाच सरळ टाके मध्यातून बाहेर काढायचे आणि मग दोरा एकावरून, एकाखालून असा गोल गोल फिरवायचा. आरे विषमच हवेत. सहा घेतले, की दोरा प्रत्येक फेरीला त्याच त्या आऱ्याखालून जातो आणि वीण धरतच नाही. पाचावर मात्र बघता बघता पाकळ्या चढतात. शिवाय दोरा बहुतेक सगळा वरच राहतो. ज्या स्त्रीने आयुष्यभर मागच्या बाजूवरून बोलणी खाल्ली आहेत, तिला या टाक्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

मागच्या बाजूचा विषय निघालाच आहे तर तो नीट होऊ द्या. भरतकामात पुढची बाजू लोकांसाठी असते आणि मागची सासूसाठी. कर्नाटकी कशिद्यातले गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे लागतात. तिथे गाठ मारायची नाही, आधी नक्षी छापायची नाही, कापडाचे धागे मोजत पुढे जायचं. इरकली लुगड्यांवर तो कशिदा काढणाऱ्या बायकांना लपवायला जागाच नव्हती. हिमाचलातल्या चंब्याचे रुमालही असेच दुतर्फा. पंजाबातल्या बायका तर फुलकारी उलट्या बाजूनेच भरायच्या. त्यांची मागची बाजू हीच कामाची बाजू. आपण मात्र गाठी मारतो, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर दोरा लांबवतो आणि वर अस्तर लावून मोकळे होतो.

आत्याचा टेबलक्लॉथ मी उलटा केला तो दोरा किती पदरी आहे ते बघायला. सहा पदरी दोऱ्यातले तिने किती घेतले, ते मागून चांगलं कळतं. पण कळलं त्याहून बरंच जास्त. आमची आत्या म्हणजे शिस्तीचा पुतळा. तिच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे उभे असत आणि आम्हा पोरांना ती चपला भिंतीला काटकोनात ठेवायला लावी. तिची मागची बाजू पाहिली आणि मी पाच मिनिटं हसत बसले. गाठींचे गठ्ठे. जांभळ्या फुलावरून निघालेला दोरा थेट दोन वीत लांबच्या दुसऱ्या जांभळ्या फुलापर्यंत, मधल्या सगळ्यांना ओलांडून. एका पानाच्या मागे हिरवा संपला म्हणून चक्क निळा. दुसऱ्या परडीत तीनऐवजी दोनच पदर. दोरा महाग झाला असणार, किंवा काकांनी हिशोब मागितला असणार. ज्या बाईने आमच्या वह्यांतली एक खाडाखोड खपवून घेतली नाही, तिने स्वतःची सगळी खाडाखोड कापडामागे ठेवून दिली होती. ती असती तर हे कुणी बघूच शकलं नसतं. मागची बाजू बघायची पद्धत आत्यानेच आम्हाला शिकवली होती, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

मागच्या बाजूने आणखी एक घोळ घातला. पुढचे रंग उन्हाने आणि धुण्याने फिके झालेले. मागचे जसेच्या तसे ताजे. मी टेबलक्लॉथ घेऊन पुण्यात बोहरी आळीत दोऱ्याच्या दुकानात गेले. आता दोरा कुठल्या रंगाशी जुळवायचा? मागच्या रंगाशी जुळवला तर आत्याने जो विकत घेतला तोच मिळतो, पण पुढून तो उपरा दिसतो. पुढच्या रंगाशी जुळवला तर शेजारी शोभतो, पण तो रंग आत्याने कधी आयुष्यात घेतलेलाच नाही. दुकानदारांनी शेडकार्ड पुढे-मागे धरलं, कापड दोनदा उलटसुलट केलं आणि म्हणाले, “ताई, कुठलाही घ्या. नवा पण जुना होणारच आहे.” मागे रांग होती म्हणून ते तसं म्हणाले, हे मला माहीत आहे. तरी मी त्यांचं ऐकलं.

टाक्याचा प्रश्न इतक्यात सुटला नाही. आत्याने फुलं साखळीने भरली होती, म्हणून मीही साखळीनेच भरावीत, असं मनातलं एक मन म्हणत होतं. साखळी मला येते. पण साखळी तीच असली तरी हात तो नसतो. कुणाची कडी लांबट पडते, कुणाची गोल; कुणी दोरा ओढून धरतं, कुणी सैल सोडतं. दुसऱ्याचा टाका हुबेहूब घालणं म्हणजे आत्याची सही करून तिच्या खात्यातून पैसे काढण्यासारखं. आणि मग दोन्ही परड्या शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा एक गोष्ट दिसली. पहिली परडी साखळीची होती, दुसरीतली फुलं साखळीची नव्हतीच. ती काश्मिरी टाक्याची होती. पानांना गहू टाका आलेला, आणि मध्यभागी फ्रेंच गाठींचे दाणे, तेही जरा जास्तच उत्साहाने घातलेले. दोन्ही परड्यांच्या मधल्या काळात आत्या कुठेतरी नवं काहीतरी शिकून आली होती आणि तिने मागचा कोपरा न उसवता पुढच्यात ते बिनदिक्कत लावून टाकलं होतं. म्हणजे आत्या स्वतःच आत्याची नक्कल करत नव्हती. मी कशाला करू?

तिसऱ्या परडीत विणीचे गुलाब आले ते असे.

फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि त्या टेबलक्लॉथला एकाएकी वारस फुटले. इतकी वर्षं तो वाळवणाखाली अंथरायला निघाला होता तेव्हा कुणाचं काही म्हणणं नव्हतं. न्यू जर्सीच्या चुलतभावाने लिहिलं, ‘जुनं तसंच ठेवायला हवं होतं, हेरिटेज आहे ते.’ याच भावाने वाडा बिल्डरला देताना पहिली सही केली होती. एक काकू म्हणाल्या, “तिला हे मुळीच आवडलं नसतं.” दुसऱ्या काकू म्हणाल्या, “तिला फार आवडलं असतं गं.” माणूस गेलं, की त्याच्या वतीने बोलण्याचे अधिकार किती लोकांना मिळतात बघा. आणि हयातीत त्या माणसाला मत विचारायला यातलं कुणीही आलेलं नसतं. एका काकांना फक्त दोरा कितीला पडला ते हवं होतं. सर्वांत स्पष्टवक्ती निघाली आतेबहीण: “पूर्ण झाला की मला दे. आमच्याकडे आठ खुर्च्यांचं टेबल आहे.”

हेरिटेजवाल्या भावाचं एका अर्थी बरोबर आहे. संग्रहालयात जुनं भरतकाम पुरं करत नाहीत. खाली आधाराचं कापड देतात, बारीक टाक्यांनी जीर्ण भाग धरून ठेवतात आणि हात आवरतात. पण संग्रहालयात जायला वस्तू आधी काचेच्या पेटीत पोचावी लागते. आमची फार तर साबुदाण्याच्या पापडांखाली पोचली होती.

शिवाय जगात या कामाला भलताच भारदस्त वंश आहे. फ्रान्समधल्या बायो गावचा अकराव्या शतकातला एक भरलेला पट्टा आहे, जवळजवळ सत्तर मीटर लांब. लिननवर लोकरीने, देठाच्या टाक्याने आणि आडव्या दोऱ्यांच्या भरणीने, १०६६ सालची इंग्लंडची लढाई त्यावर काढलेली. जगभर त्याला ‘टॅपेस्ट्री’ म्हणतात. प्रत्यक्षात ते विणलेलं नाही, सुईनेच भरलेलं आहे. त्याचा शेवटचा तुकडा हरवलेला. २०१३ साली ऑल्डर्नी या चिमुकल्या बेटावरच्या लोकांनी तो शेवट स्वतः भरून काढला, थेट ती लढाई जिंकणाऱ्या विल्यमच्या राज्याभिषेकापर्यंत. चारशेहून अधिक माणसांनी टाके घातले. नऊशे वर्षांची दिरंगाई. आपल्या आत्यांनी काय घोडं मारलंय?

त्याहून मला आवडते ती इंग्लंडमधल्या लीक गावची गोष्ट. एलिझाबेथ वॉर्डल यांनी तिथल्या बायकांना जमवून १८८५-८६ मध्ये त्या अख्ख्या पट्ट्याची नक्कल भरली. मूळ पट्ट्याच्या काठावर काही नागडी माणसं आहेत. लीकच्या बायकांना नमुन्यासाठी जी चित्रं मिळाली, त्यांत कुणीतरी सभ्यतेखातर आधीच दुरुस्ती केलेली होती. त्यामुळे त्यांच्या प्रतीत एका गृहस्थांना चड्डी आहे. आठशे वर्षं उघडा असलेला माणूस व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात येऊन झाकला गेला! हुबेहूब नक्कल करणाऱ्यांचं हे असं होतं. पण त्या बायकांनी एक फार शहाणं काम केलं: आपापल्या तुकड्याखाली प्रत्येकीने स्वतःचं नाव भरलं. ती प्रत आज रेडिंगच्या संग्रहालयात आहे, नावांसकट. मूळ पट्टा भरणाऱ्यांपैकी एकीचंही नाव त्यावर नाही.

ग्रीकांची पेनेलोपी इथे आठवायलाच हवी, जरी तिचं काम मागावरचं होतं. सासऱ्याचं कफन विणून झालं की लग्नाला उभी राहीन, असं तिने मागणी घालणाऱ्यांना सांगितलं. दिवसा विणायचं, रात्री उसवायचं. तीन वर्षं हे खपलं. खपलं, कारण तिला जावा नव्हत्या. सदाशिव पेठेत असती तर तिसऱ्याच दिवशी जाऊ म्हणाली असती, “तुझं राहिलं होतं ना, मी बसल्या बसल्या करून टाकलं.” तिच्या नवऱ्याला, ओडिसियसला, परत येऊन थेट आहेरच करावा लागला असता.

अमेरिकेत २०२२ साली दोन मैत्रिणींनी ‘लूज एंड्स’ नावाची संस्था सुरू केली. गेलेल्या किंवा आजारी पडलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं विणकाम, भरतकाम, गोधडी घरच्यांनी कळवायची आणि संस्थेने ते पुरं करायला स्वयंसेवक शोधून द्यायचा, मोबदला नाही. हजारो लोकांनी त्यात नावं नोंदवली आहेत. कल्पना फार चांगली आहे. आपल्याकडे अशी संस्था निघायची शक्यता मात्र मला कमी वाटते. अनोळखी माणसाच्या हाती आत्याचा मोर द्यायचा, म्हणजे मोराची मागची बाजूही द्यायची. तेवढी आपली तयारी नाही.

म्हणून ज्यांच्या ट्रंकेत असा मोर आहे त्यांना थोडं सांगते. रिंग आधी उतरवा, गंज वाढतो. धुण्याच्या आधी पांढरा ओला रुमाल प्रत्येक रंगावर दाबून बघा. जुना लाल दगाफटका करतो. जुना दोरा ओढून बघा. तटकन तुटला तर फक्त आठवण म्हणून ठेवा, वापरू नका. थांबलेली सुई काढायला फार हळवं होऊ नका, तीही गंजलेली असते. पूर्वीच्या माणसाचा टाका उसवू नका, कितीही वाकडा असो. आणि तुमचा टाका त्याच्यासारखा दिसावा म्हणून धडपडू नका. कुठे एक हात थांबला आणि कुठे दुसरा लागला, ते खुशाल दिसू दे. गुलाब ब्राझीलचा असेना का. मागच्या बाजूला, गाठींच्या गर्दीतच, स्वतःचं नाव आणि साल भरून ठेवा. अस्तर लावू नका. पुढे कुणीतरी कापड उलटं करणारच आहे, त्याच्या हसण्याची सोय असू द्या.

आमच्या टेबलक्लॉथचा चौथा कोपरा अजून रिकामा आहे आणि तो मी भरणार नाही. आतेबहिणीची आठ खुर्च्यांची मागणी त्यामुळे तूर्त प्रलंबित आहे. घरातल्या कुणाला तो भरावासा वाटला तर जरूर यावं, टाका हवा तो घालावा. येताना दोरे आपापले आणावेत आणि सूचना घरी ठेवून याव्यात.